चेअरमनच्या दारातली रांगोळी

मी आयुष्यात एकदाच सूड घेतलाय, आणि तो रांगोळीने. हे सांगितलं की लोक हसतात. रांगोळीने कसला डोंबलाचा सूड, म्हणे! हसा. मीही पुष्कळदा हसूनच सांगते. पण आत अजून धुमसतंय, आणि ते विझावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

मी व्यक्तिचित्रांची रांगोळी काढते. माणसांचे चेहरे, जमिनीवर, चिमटीने. लग्नाचे हॉल, शाळांची स्नेहसंमेलनं, दिवाळीतली प्रदर्शनं, यांवर माझं बरं चाललं होतं. लोक वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अगदी फोटोच हो!" फोटोच हवा होता तर मी तीन दिवस गुडघे कशाला मोडून घेतले, असं ओठांवर यायचं, मी गिळायची. मग महामारी आली आणि तेवढं ऐकवणारेही उरले नाहीत. कुणाच्या दारात कुणी येईना, तर रांगोळी कुणासाठी काढायची? मी उलट्या स्टुलाच्या पायाला मोबाईल बांधून ऑनलाइन शिकवणी सुरू केली. हिंजवडीच्या आयटीतल्या पोरी असायच्या. अर्धा वेळ "मॅम, हात दिसत नाहीये" यात जायचा. रंग संपले, दुकानं बंद, म्हणून स्वयंपाकघरावर धाड घातली. हळद, कॉफी, कोळशाची पूड, गच्चीवरच्या विटेचा चुरा. पांढऱ्याला तांदळाची पिठी वापरली, तर सकाळी मुंग्यांनी अर्धा गाल नेलेला! तरी हात चालू ठेवला. हात थांबला की मला वेड लागतं.

दुसऱ्या लाटेत आई गेली. ती माझ्याकडेच राहायची, धायरीतल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधूनच तिला अॅम्ब्युलन्सने नेलं. नऊ दिवसांनी फोन आला. स्मशानात आम्हाला फाटकाबाहेरच उभं केलं, चेहरा दाखवला नाही. अॅम्ब्युलन्सचं दार लागताना दिसलेले मास्कवरचे दोन डोळे, एवढीच माझी शेवटची आई.

घरात बसवेना. माझी टेस्ट निगेटिव्ह आली तशी मी पार्किंगमध्ये पंपाच्या खोलीशेजारची जागा झाडून घेतली आणि आईला काढायला बसले. चार फूट बाय सहा फूट. तिथे कुणाची गाडी लागत नाही, वारा येत नाही. तिचा एकमेव धड फोटो वीस वर्षांपूर्वीचा. मला शेवटच्या वर्षातली आई हवी होती, आणि ती फक्त माझ्या डोक्यात होती. काहीजण चेहऱ्याची सुरुवात डोळ्यांपासून करतात, मी डोळे शेवटी भरते. तोवर जमिनीवर नुसता रंग असतो. डोळे भरले की माणूस आपल्याकडे बघायला लागतो. तेराव्या दिवशी सकाळी डोळे भरायचे, तिच्यासमोर बसायचं, राहिलेलं सगळं बोलायचं, आणि मग आपल्या हातांनी तिला गोळा करायचं, असं मी ठरवलं होतं. मला तेवढंच अंत्यदर्शन मिळणार होतं.

तेराव्या दिवशी मी खाली आले तेव्हा चेअरमन हातात पाइप घेऊन उभे होते.

हे आमच्या सोसायटीचे चेअरमन. रिटायर्ड, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, आणि महामारीत माणसाला अधिकार मिळाला की काय होतं याचा चालताबोलता नमुना. फरशी ओली होती. आई नाल्याच्या जाळीकडे वाहत चालली होती, हळद आणि विटेच्या रंगाची.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?" मी ओरडले.

"गर्दी होत होती," ते म्हणाले. गर्दी म्हणजे काय, तर आईच्या ओळखीच्या दोन म्हाताऱ्या, मास्क लावून, लांबून हात जोडून गेलेल्या. मी तशीच उभी राहिले, तेव्हा त्यांनी पाइप बंद केला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो ताई, रांगोळीच ती. परत काढता येते."

मला रडूसुद्धा आलं नाही. इतका राग आला होता की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला होता, 'पार्किंगमधील विनापरवाना रंगकाम काढून टाकण्यात आले आहे, सहकार्याबद्दल आभार.' त्याखाली बारा अंगठे.

तीन आठवड्यांनी चेअरमन स्वतः पॉझिटिव्ह आले. बायको लेकीकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. हे एकटे, घरीच विलगीकरणात. पॉझिटिव्ह माणसाच्या मजल्यावर कुणी फिरकायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्यांच्या समोरच्या फ्लॅटला कुलूप. वॉचमनने डबा पोचवायला साफ नकार दिला. ग्रुपवर एकही माणूस पुढे येईना. मी लिहिलं, 'मी देईन डबा.' काय ती फुलं, काय ते हात जोडलेले! एकाने मला देवमाणूस म्हटलं. देवमाणूस तर देवमाणूस.

डबा मी नीट दिला, आधीच सांगते. मऊ भात, वरण, तूप, मीठ जिथल्या तिथे. जेवणातून सूड काढणाऱ्यांतली मी नव्हे. डबा दाराशेजारच्या स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवायची, आणि मग दोन मास्क लावून त्यांच्या दारासमोर मांडी घालून बसायचं. रोज सकाळी दोन तास. ते दाराच्या भिंगातून बघत असायचे. भिंगातला उजेड गेला की मला कळायचं.

"वा, वा, आमच्या दारात रांगोळी!" पहिल्या दिवशी दारामागून आवाज आला. "म्हणजे आता बरा होणारच मी."

"बघू," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी नाक उतरलं तेव्हा त्यांनी स्वतःला ओळखलं. आणि माणूस खूश झाला की! दार किलकिलं करून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, 'आपल्या ताईंची कला.' लगेच मला सूचनाही सुरू. "ताई, केस जरा दाट घ्या. हनुवटी एवढी ओघळलेली नाहीये हो माझी." मी म्हटलं, आहे. त्या दिवसांत मी त्यांचा चेहरा जितका बघितला तितका त्यांच्या बायकोनेही बघितला नसेल. ग्रुपवरचे फोटो मोठे करकरून बघायची. डबा घेताना दार उघडलं की आजारात कुठे काय उतरलंय ते टिपायची. डावी पापणी जराशी पडलेली. डोळ्यांखाली सैल पिशव्या. सातव्या दिवशी मी डोळे भरले आणि उठून बघितलं, तर माझ्याच अंगावर काटा आला. इतके जिवंत डोळे माझ्या हातून कधीच उतरले नव्हते.

आठव्या दिवशी मी त्या चेहऱ्याला हार घातला. भिंतीवरच्या गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तो, चंदनाचा, एकेक मणी सुटा. दोन्ही बाजूंना समई काढली. डबा ठेवला, बेल वाजवली आणि घरी आले.

पाच मिनिटांत फोन. "ताई, हा काय फाजीलपणा आहे?" मग धाप लागली. मग आवाज उतरला. "मी इथे एकटा आहे हो. बोटाला ते मशीन लावून बसतो दिवसभर. तो हार पुसा. प्लीज पुसा."

"अहो चेअरमनसाहेब," मी म्हटलं, "रांगोळीच ती."

त्यांना कळलं. मग फोन मीच ठेवला. त्या दुपारी मी अशी गाढ झोपले, जशी आई गेल्यापासून झोपले नव्हते.

पुढचे दोन दिवस डबा स्टुलावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी माझं धाबं दणाणलं. बेल वाजवली, परत वाजवली, दार बडवलं. शेवटी आतून आवाज आला, "आहे. अजून आहे." मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

ते बरे झाले. ज्या दिवशी बाहेर पडायचे त्या दिवशी मी मुद्दाम जिन्याच्या वळणावर जाऊन थांबले. दार उघडलं. स्टुलापुरती कड सोडली तर रांगोळी भिंतीपासून भिंतीपर्यंत होती. ओलांडून जायला जागा नाही, आणि चेहऱ्यावर पाय कोण देणार, तोही स्वतःच्या? निम्मे झाले होते ते. आत जाऊन ओला फडका घेऊन आले, खाली बसले आणि हारापासून पुसायला लागले. चेहऱ्याशी थांबले आणि वर माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही पुसाल का, ताई?"

"नाही."

"मला कळलं नव्हतं हो तेव्हा," ते म्हणाले.

"आता कळलं ना?"

त्यांनी पुसलं. धापा टाकत, स्वतःचे डोळे सगळ्यात शेवटी. मी शेवटपर्यंत बघितलं. समाधान झालं का? झालं, खोटं कशाला बोलू? त्यानंतरही कित्येक महिने मी ते रोज आठवायची. भाजी चिरताना, रंग चाळताना, त्यांचा तो वर बघणारा चेहरा काढून पुन्हा पुन्हा चघळायची. माफ वगैरे काही केलेलं नाही.

आईच्या वर्षश्राद्धाच्या आधी मी हॉल रिकामा केला. दुकानं उघडली होती, चांगले रंग आणले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि आठ दिवस बसून आईला परत काढलं. कपाळ आलं, गालावरचा तीळ आला. शेवटी डोळे भरले आणि लांबून बघायला स्टुलावर चढले.

डावी पापणी जराशी पडलेली होती. खाली सैल पिशव्या.

मी दोन्ही डोळे उचलले, परत भरले. परत तेच. हात माझ्या विचाराआधी तिकडे वळत होता. मग मी डोळे मिटून नुसती बसले, मास्कवरची आई आठवत. अॅम्ब्युलन्स दिसली, दार दिसलं, मास्क दिसला. त्याच्या वर चेअरमन बघत होते. आईचे डोळे मला आठवेनात. तिसऱ्यांदा प्रयत्न केला, चौथ्यांदा केला. मग मी स्वयंपाकघरातून ओला फडका आणला आणि आईला माझ्या हातांनी पुसलं.