दादाची न ठरणारी नजर

आमच्या लिंगायत घरात रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा व्हायची. गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि काही वेळ त्याच्यावर नजर ठेवून बसायचं. एवढंच. माझ्या थोरल्या भावाला तेवढंही जमेनासं झालं. नजर लिंगावरून घसरायची, दाराकडे जायची, परत यायची, पुन्हा घसरायची.

"मन दुकानात न्हाई, पूजेत न्हाई. हाय तरी कुठं?" आमचे वडील, आप्पा, विचारायचे.

"बघायलोच की, आप्पा," दादा म्हणायचा. त्याचं बोलणंही जड झालं होतं. आप्पांच्या मते तो माज होता.

अहमदपुरात आमचं कापडाचं दुकान होतं. वरच्या फळीवरचा तागा बघायला दादा डोळे वर करायचा नाही, अख्खी मान मागे टाकायचा. गिऱ्हाइकं हसायची.

आप्पांनी उपाय काढला. रात्रभर तांब्याच्या गडव्यात ठेवलेलं पाणी, सकाळी उपाशीपोटी. दुष्काळ होता. टँकर आला तर आला. आमच्या अंघोळी ओल्या फडक्यावर भागत होत्या, पण दादाचा गडवा आप्पा स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातून भरायचे. पुढे दादाचा हातही थरथरू लागला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. एरवी मोठ्या दुखण्याला आम्ही नांदेड गाठायचो. आता लातुरातच सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आलेत असं कळलं. माय म्हणाली, "पूजेचं मागून बघू. आधी डोळे दाखवा." दादाला एसटीत चढताना धरायला म्हणून मला घेतलं.

डॉक्टरांनी बोट वर-खाली नेलं. दादाची मान बोटाबरोबर गेली. त्यांनी हनुवटी धरली, तेव्हा डोळे अर्ध्यातच अडले. मग यंत्रातून बघितलं. बुबुळांच्या कडेला तपकिरी कडं होतं.

"नात्यात लग्न केलंय?" डॉक्टरांनी आप्पांना विचारलं.

"मामाचीच पोरगी हाय," आप्पा म्हणाले. माय भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसली. तिला वाचता येत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, दोष आईबाप दोघांकडून आला होता. शरीरातलं तांबं बाहेर पडत नव्हतं. यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साठत होतं. नजर मेंदूमुळे ठरत नव्हती, मनामुळे नाही. गोळ्या जन्मभर. शेंगदाण्यातही तांबं असतं म्हणून ते बंद, तांब्याची भांडी बंद.

"म्हंजी मीच पाजत होतो?" आप्पांनी विचारलं.

"पाण्यानं आजार होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता पाजू नका."

भावंडांनाही असू शकतो म्हणून मग मला बसवलं. माझ्या डोळ्यांत कडं नव्हतं. पुढे रक्त-लघवीची तपासणीही चांगली निघाली. मायनं दुसऱ्याच दिवशी तांब्याची भांडी देऊन स्टीलची आणली.

गोळ्या हैदराबादहून यायच्या. आधी हाताची थरथर थांबली. डोळ्यांनी वेळ घेतला, आणि वर ते पूर्ण कधीच गेले नाहीत. आप्पा पूजेला दादाच्या समोर बसू लागले. लिंग तळहातावर, लक्ष पोराच्या डोळ्यांकडे.

"अवं, कुणाची पूजा करायलात?" एकदा मायनं विचारलं.

"गप," आप्पा म्हणाले. "आत्ता ठरलीय नजर."