उत्तम शुक्रवारी निलंग्याला पेढे

दोन वर्षांनी या ब्लॉगवर लिहितोय. पूर्वी मी सुट्टी लागली की एसटीत जाऊन बसणारा मास्तर होतो. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार नांदेडात डायलिसिस असतं, त्यामुळे कुठलाही प्रवास मधल्या एका दिवसात मावावा लागतो. गुड फ्रायडेची सुट्टी आली तसं बायकोला म्हटलं, "निलंग्याला जाऊन येतो. आक्काला भेटायचंय."

आक्का माझी थोरली बहीण. तिची किडनी मला जुळली होती. सोमवारी दवाखान्याच्या समितीपुढं आम्हा दोघांना जायचं होतं. तिथं देणाऱ्याला विचारतात, राजीखुशीनं देताय ना? मला नेमकी त्याचीच खात्री नव्हती. फोन केला की दाजीच बोलायचे, "भावाला बहीण न्हाई देणार तर कोण देणार?" आक्काला नाही म्हणता येत नाही म्हणून ती हो म्हणत असली तर? या विचारानं महिनाभर मला धड घास गेला नव्हता. तिला एकटीला गाठायचं आणि सुटकेची वाट दाखवायची, असं ठरवून निघालो.

पहाटे साडेपाचची लातूर गाडी पकडा, हा माझा सल्ला. लोह्यापर्यंत वारा गार लागतो, पुढं ऊन तापायला लागतं. अहमदपूरला गाडी थांबली की चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन घ्या. मी चारच घास खाल्ले, मला मीठ बेतानंच चालतं म्हणून. पाणीही दिवसाला एकच लिटर. बाटलीवर पेनानं रेघा मारून ठेवल्या होत्या आणि चाकूर यायच्या आत मी दोन रेघा संपवल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "औषध हाय का काय ते, मोजून पिऊन राहिलात?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

लातूरला गाडी बदलायची. आक्का फोनवर म्हणाली होती, "शुक्रवारी दुपारी मी सिस्टरसंगं त्यांच्या चर्चात असते, तिथंच ये." रूथ सिस्टर म्हणजे आक्काची शेजारीण, निवृत्त नर्स. आक्काच्या सगळ्या तपासण्यांना त्याच सोबत गेल्या होत्या. सणाच्या दिवशी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून स्टँडसमोरून अर्धा किलो पेढे घेतले. औशावरून निलंग्याला दीड तास लागतो. नांदेडपासून एकूण भाडं तीनशेच्या आसपास, बायकांना अर्धं. निलंग्यात उतरताच गाड्यावरच्या निलंगा राईसचा वास आला आणि जीव कासावीस झाला. तुम्ही गेलात तर एक प्लेट माझ्या नावानं खा.

पत्र्याचं छोटं चर्च. दारातच पांढऱ्या साडीतल्या रूथ सिस्टर भेटल्या. मी खोका पुढं करून मोठ्यानं म्हणालो, "सिस्टर, शुभ शुक्रवारच्या हार्दिक शुभेच्छा!"

आतली पन्नास माणसं वळून बघायला लागली. आक्कानं डोक्याला हात लावला.

"भाऊ," सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "आज आमच्या प्रभूला क्रूसावर दिलं तो दिवस. उपास हाय सगळ्यांचा. उत्तम शुक्रवार म्हणतो आम्ही, पण शुभेच्छा देत न्हाईत. पेढे ठेवते मी, रविवारी वाटू." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. गपचूप शेवटच्या बाकावर आक्काजवळ जाऊन बसलो.

उपासना बारा ते तीन. पाळकांचं बोलणं साधं होतं. ते म्हणाले, येशूला पकडून नेलं असं आपल्याला वाटतं, पण त्याला पळून जाता आलं असतं. आदल्या रात्री बागेत तो घाबरला होता, घामाघूम झाला होता. हे टळत असेल तर टळू दे, असंही बापाला म्हणाला. आणि मग आपणहून उठून समोर गेला. ज्यांच्यासाठी गेला, त्यांनी ते मागितलंसुद्धा नव्हतं. देवाची माया अशी असते, ती कुणी ओढून घेत नाही.

मला राहवलं नाही. आक्काच्या कानाशी लागलो. "आक्का, तुझं मन नसेल तर नको. डॉक्टर कुणाला काही कळू देणार नाहीत, शेवटच्या तपासणीत जुळलं नाही एवढंच सांगतील. दाजींना मी बघतो. माझ्यापायी तुझा बळी नको."

आक्का अशी वळली की पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं पाहिलं.

"बळी? बळी दुसऱ्याचा देतेत, सुध्या. मी माझं मी देऊन राहिले."

"पण दाजी..."

"त्यांनी इचारायच्या आधीच मी सिस्टरसंगं जाऊन तपासणीचं रक्त देऊन आलते. त्यांना मागून कळलं. आता गावभर फुशारकी मारतेत, मारू दे."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटती की. लई वाटती. रातच्याला पोटावर हात ठिवून पडते. पर भ्या वाटतंय म्हंजी मन न्हाई, असं कुठंय?" तिनं पुढं बोट दाखवलं. "त्ये काय सांगून राहिलेत, ऐक की जरा."

मी ऐकलं. म्हणजे ऐकायचा प्रयत्न केला, कारण डोळे वाहत होते आणि रुमाल पिशवीत होता. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं त्या पत्र्याखाली, त्या उकाड्यात उतरलं. तीन वाजता बाहेर आलो तेव्हा बाटलीत एक रेघ पाणी शिल्लक होतं.

रात्री आक्काकडं मुक्काम केला, शनिवारी पहिल्या गाडीनं परतलो आणि दुपारी डायलिसिसला हजर. सोमवारी समितीतल्या मॅडमनी आक्काला विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून देताय का?"

"सांगण्यावरून?" आक्का म्हणाली. "ह्यो तर चर्चात बसून नको नको करून राहिला हुता. सगळ्यांची उपासना मोडली."

मॅडम हसल्या आणि सही केली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.

त्याच सोमवारी संध्याकाळी आक्का आमच्या घरी आली. पदराची गाठ सोडून तिनं कागदात गुंडाळलेला एक पेढा काढला. "सिस्टरनं काल वाटले. तुझ्या वाट्याचा हाय. अर्धा चालतोय, डाक्टरला इचारलंय मी."

आयुष्यभर मला कुणी काही दिलं की माझ्या तोंडून आधी 'नको' येतं, नंतर 'कशाला'. यावेळीही 'न' जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि हात पुढं केला.