स्टेडीची दुसरी बाजू

आज खंडेनवमी. पूजेसाठी स्टेडी रॉकेलने पुसायला घेतली आणि त्या वासासरशी सातपूरचा जुना कारखाना डोळ्यांपुढे आला.

लेथवर लांब शाफ्ट फिरताना मधेच थरथरायचा. त्याला तीन बोटांनी धरून ठेवणारं लोखंडी कडं म्हणजे स्टेडी. शेठ विकत आणेनात, म्हणून मी आणि माझा जोडीदार वसंत सुट्टीचे दिवस खपलो. भंगारातून जाड पाइप मी शोधला, बोटं मी घासली, वेल्डिंग त्याने केलं. खंडेनवमीच्या सकाळी कडं अजून कोमट होतं. वसंतने नाव ठोकायचे पंच काढले.

"आधी माझं टाकतो. तुझं दुसऱ्या बाजूला टाकू. नीट धर रे, हलू देऊ नको."

त्याचं नाव पुरं होतंय तोच शेठ पूजेला आले. नाव वाचून म्हणाले, "वा वसंतराव! एकट्याने केलंत?"

"हो शेठ," वसंत म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पूजेचा नारळ त्याने फोडला. पुढे फोरमनही तोच झाला.

कारखाना बंद पडला तेव्हा स्टेडी मी उचलून आणली. दरवर्षी झेंडूची माळ मुद्दाम ते नाव झाकेल अशी घालतो. मनाला समजवायचो, शेठ जरा उशिरा आले असते तर माझंही नाव पडलं असतं.

आज म्हटलं, आपणच टाकू. पंच घेऊन स्टेडी उलटी केली. त्या बाजूकडे इतकी वर्षं नीट बघितलंच नव्हतं. सगळीकडे आधाराच्या पट्ट्या. एक अक्षर ठोकायलाही सपाट जागा नाही.

त्या पट्ट्या नाव ठोकायच्या आधीच वसंतनेच वेल्ड केल्या होत्या. आणि तेव्हाही कडं हलू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो.