सैल सांडशी

नवऱ्याला चाळिसावं लागलं आणि त्याने मोटरसायकल घेतली. मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही. फिनिक्सच्या उन्हात माणसं गाडीतून उतरून दुकानात शिरेपर्यंत करपतात, आणि हा म्हणे, मागे बस, तुला वाळवंट दाखवतो. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण ऑफिसातल्या कुणीतरी त्याला लोहारकामाच्या क्लासला नेलं आणि आठवडाभर कोडिंग करणारा हा माणूस शनिवारी गॅरेजमध्ये लोखंड ठोकायला लागला. घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोक म्हटलं तर महिनोन्‌महिने उत्तर नाही, आणि इथे काय तो उत्साह!

वसंतात आणि थंडीच्या तोंडावर, उत्तरेकडे एका माळावर हौशी लोहारांचा मेळावा भरायचा. पहिल्यांदा मी गेले ती तणतणतच. निघताना ठरवलं होतं, काहीही दिसो, कौतुक करायचं नाही. शहर संपलं, हात वर केलेले ते उंच निवडुंग विरळ झाले, चढण लागली आणि एका वळणावर लाल डोंगर असे अंगावर आले की मी त्याचं जॅकेट घट्ट धरलं. हवा गार झाली. राग कुठे गेला कळलंच नाही बाई. त्याच्या पाठीला गाल टेकवून मी डोंगर बघत राहिले.

माझ्या बॅगेत त्या दिवशी आईची सांडशी होती. २००१ साली मी अमेरिकेला निघाले तेव्हा आईने ती स्वतः कपड्यांत गुंडाळून दिली होती. वर्ध्याच्या बाजारातली, लोहाराच्या हातची. आईच्या वापराने तिचा खिळा इतका सैल झाला होता की पातेलं धरताना अंगठ्याने दाबून मनगट जरासं वळवावं लागे. ते आईला जमायचं, आणि तिने शिकवलं म्हणून मला. पुढे आई गेली तेव्हा आमच्या ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते. आता बाहेर गेलात तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलाने सांगितलं. मी गेले नाही. घरातलं रडणं फोनवर ऐकलं. तिचं म्हणून माझ्याकडे उरली ती ही सांडशी. सकाळचा चहा मी तिनेच उतरवायचे.

जुनं हातचं काम बघायला या लोकांना आवडतं, असं नवरा म्हणाला होता, म्हणून मी ती नेली. दुपारी दोन टेबलं मांडली होती. एकावर मी मसालेभाताचं पातेलं ठेवलं. दुसऱ्यावर आकडे, सुऱ्या, दारांच्या कड्या अशा वस्तू होत्या, तिथे सांडशी ठेवली. आमच्या मंडळाच्या गणपतीत सगळ्या बायकांची भांडी अशीच टेबलावर जातात, बुडाला नावाची चिकटपट्टी लावलेली असते आणि संध्याकाळी ज्याचं भांडं त्याच्या घरी. मी सांडशीलाही नावाची पट्टी लावली होती. शहाणपणाच म्हणायचा! ते टेबल सोडतीचं होतं. टोपीतून चिठ्ठी निघेल त्याने तिथली आवडेल ती वस्तू उचलायची, ती त्याची झाली. आणि माझी पट्टी वाचून लोकांना वाटलं, ही वस्तू मीच दिली.

पहिली चिठ्ठी एका सत्तरीच्या बाईची निघाली. पांढरी वेणी, न्यू मेक्सिकोहून एकटी मोटरसायकलवर आलेली. ती सगळं टेबल फिरली आणि तिने सांडशी उचलली. लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. नवरा उठायला लागला तशी मी त्याची बाही धरली. टाळ्या घेतल्यावर कुठल्या तोंडाने परत मागायचं? मी गाड्या लावल्या होत्या तिकडे गेले आणि ढसाढसा रडले.

त्या वेणीवाल्या बाईची गाडीही तिथेच होती. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं, आईसकट. वाटलं, आता देईल. तिने सांडशी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "सोडतीतलं परत देत नाहीत. अदलाबदल मात्र करता येते. पुढच्या वेळी तुझ्या हातची एक आण."

घरी येईपर्यंत मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. बाई आहे की दगड! नवऱ्याने ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मी धरतो, तू ठोक."

त्या उन्हाळ्यात पहाटे, ऊन तापायच्या आत, आम्ही गॅरेजमध्ये असायचो. पहिली जळाली. दुसरी मिटेचना. कुठे भाजलं की हा परसातली कोरफड तोडून आणून लावायचा, फुंकर घालायचा. इतकी वर्षं संसार केला, पण इतकं जवळून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ठोकताना आई आठवायची, आणि हळूहळू तिच्यासोबत तो फोन आठवायचा बंद झाला. नुसती आईच यायची. शेवटी एक सांडशी झाली. वाकडी, पण धरायची.

थंडीच्या तोंडावरच्या मेळाव्यात त्या बाईने माझ्या सांडशीने एक तापलेलं पातेलं उचलून पाहिलं, वाकडेपणाला हसली आणि ती आपल्या बॅगेत टाकली. मग कापडात गुंडाळलेली आईची काढून दिली. गंज घासून काढला होता, तेलाचा हात फिरला होता. माझा जीव खिळ्यात. मी उघडमीट करून पाहिली. अंगठा दाबला, मनगट वळवलं. तश्शीच सैल.

"घट्ट करायला हात शिवशिवत होते माझे," ती म्हणाली. "पण ते तुझ्या आईच्या हाताचं काम आहे. ठोकून काढलं असतं तर परत कुठून आणलं असतं?"

मी तिला मिठी मारली. शिव्यांचं काही सांगितलं नाही.

परतताना सांडशी मी जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवली. वळणावळणाला ती नवऱ्याच्या पाठीत टोचत असणार. लाल डोंगरांमधून त्या दिवशी आम्ही ट्रिपल सीट घरी आलो.