लेकीची गाडी

वडवणीच्या बाजारात बायनाबाई भाजी घ्यायला बसली की वांगी राहायची बाजूला आणि लेकीचं पुराण सुरू व्हायचं. "आमची वैष्णवी गाड्या पाठविती," ती भाजीवालीला सांगायची, "आजारी माणसाला उसाच्या फडातून उचलून थेट दवाखान्यात." वैष्णवी काही गाड्या पाठवत नव्हती. ती बीडला एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होती. ऊसतोड कामगारांना मोबाईलवरून रुग्णवाहिका मागवता यावी म्हणून कंपनीनं ॲप काढलं होतं, आणि आलेली प्रत्येक रिक्वेस्ट तपासून पुढं धाडणारी सर्व्हिस वैष्णवीनं लिहिली होती. पण हे बायनाबाईला समजावणार कोण? लेकीचं कौतुक करायला आईला पुरावा थोडाच लागतो.

पोर वाढली फडावरच. बाप सटवा ऊस तोडायचा, बायनाबाई मोळ्या बांधायची आणि वैष्णवी पाचटाच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत बसून पाढे म्हणायची. पुढं वसतिगृह, मग बीडचं कॉलेज. नोकरी लागल्यावर तिनं आईबापाच्या किती विनवण्या केल्या, आता कोयता ठेवा म्हणून. "हातपाय चालतेत तवर चालू दे," बायनाबाई म्हणायची. हट्टी बाई होती, आणि लेक तिच्याच वळणावर गेलेली.

पहिल्या हंगामात सर्व्हिसला दोन गोष्टी सक्तीच्या होत्या, गावाचं नाव आणि मागवणाऱ्याचा फोन नंबर; लोकेशन घ्यायची सोय ॲपमध्ये नव्हती. दोन्हीतली एक जरी नसली की रिक्वेस्ट परत. आणि रिक्वेस्टा परत यायला लागल्या, ढिगानं. फडावरच्या बायांजवळ कुठला आलाय फोन! त्या मुकादमाचा मागून घेतात, आणि बरेच मुकादम आधीच बजावतात, माझा नंबर टाकू नका, नसती ब्याद. पडद्यावर त्या परत गेलेल्या रिक्वेस्टा बघून वैष्णवीचा जीव तुटायचा. त्या बाया तिला परक्या नव्हत्या.

दिवाळीला घरी आल्यावर चुलीपाशी बसून तिनं हे सगळं आईला सांगितलं. काय रिक्वायर्ड ठेवायचं, काय ऑप्शनल, हाच सगळा घोळ आहे म्हणाली. बायनाबाई भाकरी थापत होती.

"म्हंजी पीठ आन मीठ," ती म्हणाली. "पिठाबिगर भाकर व्हत न्हाई. मीठ नसलं तरी भागतं. मंग नंबर काय हाय?"

"मीठ," वैष्णवी म्हणाली.

"मंग कावून आडवती बायांला?"

बीडला परतल्यावर वैष्णवीनं साहेबांशी भांडून नंबर ऑप्शनल केला. आला तर घ्यायचा, नाही आला तर जागा रिकामी सोडून रिक्वेस्ट पुढं धाडायची. नवा हंगाम लागला आणि एकही रिक्वेस्ट परत गेली नाही. तेव्हा तिनं ऑफिसात पेढे वाटले होते. ते पेढे आठवले की आजही तिला स्वतःची किळस येते.

जानेवारीत तेलगावच्या शिवारात तोड चालू असताना भर दुपारी बायनाबाईच्या पायाला साप चावला. हनुमान मुकादम धावत आला. "मावशी, ट्रॅक्टरात बस, दवाखान्यात नेतो," म्हणाला. बायनाबाईनं ट्रॅक्टर नको म्हणत त्याला फोनवरून गाडी मागवायला लावली. नंबराच्या जागी कुणाचा टाकू, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, मीठ हाय ते." पडद्यावर अक्षरं आली, 'मागणी नोंदवली. गाडी निघत आहे.' मुकादमानं पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

"कशाला ट्रॅक्टर? माझ्या लेकीची गाडी येतीय की."

मुकादमालाही खरं वाटलं. तो ट्रॅक्टरातून ऊस घेऊन कारखान्याकडं गेला, आणि फोन त्याच्या खिशात गेला.

गाडी आली होती. खोटं कशाला बोला, वेळेत आली होती. पण चालकाकडं फक्त गावाचं नाव होतं आणि चहूकडं उसाचं रान. फोन लावायचा तर कुणाला? दोन-चार पाणंदी फिरून, हाका मारून तो माघारी गेला. सटवाच्या मांडीवर डोकं ठेवून बायनाबाई बांधावर पडली होती, रस्त्याकडं बघत. उन्हं कलायच्या आत ती गेली. त्या दुपारी वैष्णवी ऑफिसातच होती. आईची रिक्वेस्ट तिच्याच सर्व्हिसमधून बिनतक्रार पुढं गेली होती. परत आली असती तर मुकादमानं आईला उचलून ट्रॅक्टरवर घातलं असतं.

दहावा झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि नंबर पुन्हा सक्तीचा केला. मग फोन नसलेल्या सगळ्या बाया तिच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या, आणि केलेला बदल तिनं पुसून टाकला. शेवटी तिनं एक सूचना लिहिली, नंबर रिकामा असेल तर पडद्यावर दिसणारी आणि मोठ्यानं ऐकूही येणारी. सटवाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनंच वाचून दाखवली.

"तुमचा नंबर मिळालेला नाही. गाडीला तुम्ही सापडालच असं नाही. जवळ ट्रॅक्टर, बैलगाडी, जे असेल त्यात बसा आणि निघा. वाट बघत थांबू नका."

सटवानं उपरण्यानं डोळे पुसले.

"लई चांगलं लिव्हलंस, बाई," तो म्हणाला. "पर तिनं ऐकलं नसतं. मी बी म्हणलो व्हतो, बस ट्रॅक्टरात. म्हणली, लेकीची गाडी हाय, चुकायची न्हाई."