मायच्या गळ्यातले चार दाणे

माझ्या मायच्या अंगात देवी आली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात अजूनही कोणीकोणी तसं म्हणतं आणि माझं डोकं फिरतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मेडशीजवळच्या आमच्या गावातून एसटीनं अकोल्याला नेऊन मायच्या गळ्यातली गाठ काढली होती. घरी आली तेव्हा गळ्याला पट्टी होती, पण बाई खुशीत होती. मग तिच्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी भाकरी थापता थापता तिची बोटं एकमेकींना चिकटली, अंगठा तळव्यात गेला, मनगट वाकलं. लेकराला घास भरवताना हात होतो ना, तसा. आणि तो सुटेचना.

शेजारणी जमल्या. सोडलेली देवी परत आली म्हणाल्या. एकीनं तर तिच्या पायावर हळदकुंकू वाहिलं. आमचं घर बौद्ध. धम्म घेतला तेव्हा बानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. त्याच्या मायच्या अंगात यायचं तेव्हा वरच्या आळीतले लोक तमाशा बघायला यायचे, हसायचे. ते त्याच्या मनात रुतून बसलेलं. विहारात तो सगळ्यांना सांगायचा, हे घुमणं बंद करा. आणि आता त्याच्याच घरात हे! बा तिच्यासमोर उभा राहिला.

"सोंग नको करू. देव सोडले ना आपण?"

"मी काई करून नाई राह्यली," माय म्हणाली. "हात आपोआप वळून राह्यले."

बानं शेजारणींना हाकललं आणि दार लावून घेतलं. भगताकडे नेलं नाही, ते बरोबरच केलं. पण दवाखान्यातही नेलं नाही. फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहिलं की गाव तिचे हात बघेल, ही लाज. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा गळा आवळला. श्वास घेताना कोंबडा आरवल्यासारखा आवाज यायचा. मग तोही थांबला.

पुढे मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांच्या पेशींवर एक प्रथिन असतं, ते रक्तातलं कॅल्शियम सारखं जोखत बसतं. बहुतेक ग्रंथींत कॅल्शियम पेशीच्या आत शिरलं की संप्रेरक सुटतं. इथं उलटं आहे. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की हे प्रथिन गप्प होतं, पेशी संप्रेरक सोडते आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून आणतं. मायच्या गाठीबरोबर ते दाणेही गेले असणार. कॅल्शियम उतरत गेलं आणि ते जोखणारं कोणी उरलंच नव्हतं. मग नसा आपल्या आपण पेटतात, हात वळतात.

बा म्हातारा झाल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, "याले सुई होती?"

"होती. अकोल्यात होती. तेव्हाही होती."

त्यानं स्वतःची बोटं जुळवून अंगठा तळव्यात घातला. मग म्हणाला, "तिनं तं सांगतलं होतं मले."

हो, सांगितलं होतं. मी त्याची समजूत घातली नाही. मला घालायचीच नव्हती.