तीन वह्यांचं रायपूर

ही सफर व्याह्यांनी मला न विचारता ठरवली. नागपूरहून निघायच्या आधीच त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा साइटवर बुकिंग करून टाकलं होतं: जुनं रायपूर, खासगी, तीन तास, गाडी चालवणारा आणि माहिती देणारा माणूस एकच, हिंदी किंवा मराठी. मला कळवलं ते रेल्वेत बसल्यावर. तुम्हाला उगाच त्रास नको, म्हणाले. मुलीचं लग्न होऊन चारच महिने झाले होते आणि दोन्ही घरं अजून एकमेकांशी जपून बोलत होती. मी बरं म्हणालो.

एरवी माझ्याकडे आलेल्या माणसाला गाइड करायची वेळ येऊ नये. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. रायपूरचे जुने तलाव आणि देवळं यांवर माझं पुस्तक आहे, त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. साखरपुड्याला मी व्याह्यांना त्याची प्रत दिली होती. पण पाहुण्यांना घेऊन मी पुरानी बस्तीत कधी जात नाही. गुडघे दुखतात, कॉलेजात काम आहे, ऊन फार आहे, असं काहीतरी सांगतो. बायको हसायची. एवढं मोठं पुस्तक लिहिणारा माणूस देवळाच्या दारापर्यंत यायला तयार नाही, म्हणायची. तिला कारण माहीत नव्हतं. ते पुस्तक मी फक्त लिहिलं. त्यात जे पाहिलेलं, मोजलेलं, विचारलेलं आहे ते सगळं दुसऱ्याचं आहे.

सकाळी आठला समता कॉलोनीत आमच्या फाटकासमोर पांढरी गाडी येऊन थांबली आणि तो दुसरा माणूस तिच्यातून उतरला.

केस पांढरे झाले होते, पाठीत किंचित वाकला होता. तरी मी त्याला लगेच ओळखलं, आणि त्यानं मला. अर्थात घराच्या पाटीवर माझं नाव होतंच. तो म्हणाला, "नमस्कार सर." मीही नमस्कार म्हणालो. व्याह्यांनी माझी ओळख करून दिली, हे आमचे प्राध्यापकसाहेब. त्यानं मान हलवली आणि विहीणबाईंसाठी मागचं दार उघडलं.

आम्ही दोघं स्टेशनामागच्या गुढ़ियारीचे. दोघांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले. भोसल्यांच्या वेळेपासून राहणारी मराठी घरं वेगळी आणि आम्ही रेल्वेवाले वेगळे, हा फरक आम्हाला लहानपणीच कळला होता. म्हणूनच असेल, या शहराच्या जुनेपणाचं आम्हाला वेड लागलं. खरं तर त्याला लागलं, मी त्याच्या मागे गेलो. एम.ए.च्या दोन उन्हाळ्यांत तो मोजायची टेप घेऊन सगळे तलाव आणि देवळं पायी फिरला. मी त्याच्यासोबत दोनदा गेलो असेन. त्यानं तीन लांबट वह्या भरल्या. अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत, मधे मधे पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, म्हाताऱ्यांनी छत्तीसगढ़ीत सांगितलेलं जसंच्या तसं. प्रत्येक पानावर हातानं काढलेले नकाशे.

मग त्याचे वडील गेले. तो एम.ए. सोडून मालधक्क्यावर ट्रक चालवायला लागला. वह्या माझ्याकडे देताना म्हणाला होता की तुझं अक्षर चांगलं आहे, तू फेअर कर, दोघांच्या नावानं छापू. मी फेअर केलं. छापताना एकच नाव टाकलं. मनोगतात काही मित्रांचं सहकार्य लाभलं असं एक वाक्य घातलं. त्या पुस्तकावर मला कायमची नोकरी मिळाली. पुस्तक निघाल्यावर तो एकदा घरी आला, पानं चाळली, छान छापलं म्हणाला, चहा घेतला आणि गेला. भांडला असता तर मी काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते वापरायची पाळी आली नाही. त्यानंतर आम्ही भेटलो ते थेट या फाटकाशी.

गाडीत विहीणबाईंनी त्याची चौकशी केली. त्यानं सरळ सांगितलं. पाठ गेल्यामुळे ट्रक सुटला, आता पाच-सहा वर्षं हेच काम. लोक साइटवर चांगलं लिहितात, ते वाचून दुसरे येतात, त्यावर चाललं आहे. विहीणबाई म्हणाल्या की आम्हीही तेच वाचून तुम्हाला निवडलं. मी पुढच्या सीटवर बसून बाहेर बघत होतो.

पहिल्यांदा महामायेचं देऊळ. समोरच्या दारातून देवी नीट दिसत नाही, थोडं बाजूला सरकून उभं राहावं लागतं. त्यानं दोघांना तसं उभं केलं आणि म्हणाला, "येणाऱ्याला देवी दिसत नाही, थांबणाऱ्याला दिसते."

व्याही एकदम वळले. पिशवीतून त्यांनी माझं पुस्तक काढलं. येताना रेल्वेत त्यांनी ते पूर्ण वाचलं होतं, पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, ओळ अन् ओळ तपासून वाचणारा. त्यांनी पान काढून मला दाखवलं. हेच वाक्य, अक्षर न अक्षर. कॉलेजच्या कार्यक्रमात लोक ते माझं म्हणून सांगतात.

"प्राध्यापकसाहेब, हा तर तुम्हाला घोकून आला," ते हसत म्हणाले. मग त्याला विचारलं, "काय हो भैया, वाचलंय ना हे?"

"हव. वाचलं आहे," तो म्हणाला.

मी पुस्तक मिटून व्याह्यांना परत दिलं.

कंकाली तलावावर गोष्ट बिघडली. त्यानं पश्चिमेकडच्या पायऱ्या सांगितल्या, वीस. व्याह्यांनी पुस्तक उघडलं. पुस्तकात अठरा होत्या. ते म्हणाले, अठरा. तो शांतपणे म्हणाला की पुस्तकात चूक आहे. मोजणी झाली त्या वर्षी पाणी उतरलं होतं, पण खालच्या दोन पायऱ्या गाळात होत्या. पुढे गाळ निघाला तेव्हा दिसल्या.

व्याह्यांना हे आवडलं नाही. माणसाचं पुस्तक पाठ करायचं, त्याचं नावही घ्यायचं नाही आणि वर त्याच्यासमोर त्यातच चुका काढायच्या, असं ते त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. मग मला विचारलं, किती आहेत हो पायऱ्या?

मला कुठे माहीत. मी त्या कधी मोजल्याच नव्हत्या. वहीत अठरा आकडा होता आणि त्यापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, खाली अजून असाव्यात, पुन्हा पाहणे. फेअर करताना मी ते गाळलं. पुस्तकात असं कच्चं काही बरं दिसत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"पाहावं लागेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग तो विहीणबाईंना मधल्या पाण्यातल्या देवळाबद्दल सांगू लागला.

बूढ़ा तालाबवर तो गाडी लावायला गेला. आम्ही तिघं काठाच्या बाकावर बसलो. व्याह्यांनी चष्मा चढवून फोन काढला. म्हणाले, तुम्ही भिडस्त आहात, मी नाही, मी या माणसाबद्दल साइटवर लिहितो. दुसऱ्याच्या पुस्तकातून चोरून सांगतो, असं स्पष्ट लिहितो. मी म्हणालो, जाऊ द्या. ते म्हणाले, काहून जाऊ द्या, अशानंच हे लोक सोकावतात. आणि एका बोटानं टाइप करू लागले.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. पहिला विचार मुलीचा आला, की सासरी बापाबद्दल काय बोललं जाईल. दुसरा माझ्या नोकरीचा, निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. त्याचा विचार तिसरा आला. तोही असा, की हे एवढं लिहून झालं की तो परत कधी आपल्यासमोर येणार नाही, बरंच होईल. हा विचार मी काही क्षण मनात राहू दिला. व्याह्यांचं बोट हळू चालतं, म्हणून वेळ मिळाला.

मी म्हणालो, "नका लिहू. पुस्तक त्याचं आहे. मी त्याच्या वह्यांवरून उतरवलं."

त्यांना वाटलं मी त्याला वाचवतोय. हसले. म्हणाले, अहो केवढा हा मोठेपणा. मला पुन्हा सांगावं लागलं, या वेळी सगळं: वह्या कुठे भरल्या, मला कशासाठी दिल्या, नाव कसं गाळलं. सांगताना आवाज वर्गात निघतो तसा निघत होता, ते मला स्वतःलाच विचित्र वाटलं. व्याही तरी अर्धवट हसतच होते.

"अहो, ते खरं सांगताहेत," विहीणबाई म्हणाल्या.

मग व्याह्यांनी फोन खिशात टाकला. पुस्तक मांडीवर होतं, ते उचलून पिशवीत ठेवलं आणि पिशवी दोघांच्या मधे ठेवली. तो आला तेव्हा व्याही उभे राहिले. त्यांनी त्याला विचारलं, "तुम्ही सकाळपासून काही बोलला नाहीत?"

आम्ही काय बोललो असू हे त्याला तिघांचे चेहरे पाहून कळलं. तो म्हणाला की महादेवघाट राहिला आहे आणि अकरापर्यंत संपवायचं आहे, नंतर ऊन होईल. बूढ़ा तालाबची माहिती त्यानं पाच मिनिटांत दिली, नेहमी देत असेल तेवढी. पुस्तकातलं वाक्य आलं तेव्हाही अडखळला नाही. त्याचंच होतं, का अडखळेल.

महादेवघाटावर व्याही आणि विहीणबाई हाटकेश्वराच्या दर्शनाला गेले. मी पायऱ्यांवर थांबलो. त्यानं चपला राखायला थांबतो असं सांगितलं आणि माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसला. खारून नदीत पाणी बेताचं होतं. मी मनात जुळवलेलं बोलू लागलो. पुढच्या आवृत्तीत त्याचं नाव येईल, पहिलं त्याचं, प्रकाशकाला आजच कळवतो.

त्यानं मधेच तोडलं. "नाव राहू द्या सर. त्यात चुका आहेत. चुकांवर मले नाव नको." मग म्हणाला, "वह्या आहेत ना?"

मी नदीकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मला आठवत नाही, म्हणून तो समजावून सांगू लागला. हा घाट तेव्हा असा नव्हता. आता नवी फरशी बसली, कठडे आले. दोन तळी बुजली, त्यावर घरं झाली. तेव्हाचं माप आता जागेवर घेता येत नाही. पुस्तकात आकडे आले, पण नकाशे नाही आले. ते फक्त वह्यांत आहेत. तो म्हणाला, "मी पुन्हा सगळं करून राहिलो. नवीन मिळतं तेवढं लिहितो. जुनं मात्र पाहिजे. झेरॉक्स काढून परत देईन."

याच्यासाठी तो सकाळी फाटकाशी गप्प राहिला होता, हे मला तेव्हा समजलं. व्याह्यांचं टाकून बोलणं ऐकून घेतलं तेही याच्यासाठी. माझ्याशी बिनसलं तर वह्या मिळणार नाहीत, एवढाच त्याचा हिशेब.

"नाहीत," मी म्हणालो. "रद्दीत दिल्या."

"काहून बे?"

तीस वर्षांनी तो मला बे म्हणाला. मी म्हणू शकलो असतो की घर बदलताना चुकून गेल्या. बायकोला मी तेच सांगितलं होतं. पण चुकून गेल्या नव्हत्या. गुढ़ियारीहून समता कॉलोनीत सामान हलवताना मी स्वतः त्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मधोमध घातल्या आणि रद्दीवाला गठ्ठा तोलेपर्यंत दारात उभा राहिलो. त्याचं अक्षर घरात होतं तोपर्यंत कोणीही ते पाहू शकलं असतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. काही सोडलं नाही.

त्यानं प्रश्न विचारले. तिन्ही दिल्या का. हो. ती पुठ्ठ्याची, देवळांच्या नकाशांची, तीपण? हो. कोणत्या रद्दीवाल्याले? मी सांगितलं, गुढ़ियारीच्या नाक्यावर बसायचा तो. तो म्हणाला की तो तर मेला, त्याचा मुलगा बसतो आता. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा कागद त्या दुकानात असणार नाही हे त्यालाही कळत होतं, पण तो विचार करत होता, मला दिसत होतं.

व्याही आणि विहीणबाई वरून उतरत आले. विहीणबाईंनी दोघांनाही प्रसाद दिला. त्यानं तो कपाळाला लावून खाल्ला, हात पुसले, चपला त्यांच्यापुढे सरळ करून ठेवल्या. मग आम्ही चौघं गाडीकडे गेलो. त्यानं मागचं दार उघडलं. ते दोघं बसले. मी पुढच्या दाराशी हात नेला तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला, "तू ऑटोनं ये."

व्याह्यांनी काच खाली करून काहीतरी विचारलं. तो त्यांना म्हणाला की सर मागून येतात. गाडी गेली.

ऑटो मिळायला वेळ लागला. घरी पोचलो तेव्हा जेवणाची पानं मांडलेली होती आणि व्याही हात धुऊन बसले होते. बायको दारातच म्हणाली, तुम्ही मागे कसे राहिलात, गाडीत जागा नव्हती का. मी म्हणालो, जागा होती, आणि तिला आत स्वयंपाकघरात ये म्हणालो.